पेढा, दंड आणि तळेगावची शाळा

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. मी पेढा खाल्ला, बातमी लावली. त्याच आठवड्यात मुलीच्या शाळेच्या डायरीत शेरा आला: वर्गात मराठीत बोलली, दहा रुपये दंड. मी मुकाट्याने दंड भरला. पत्रकार असूनही एक शब्द बोललो नाही. ते मनात सलतंय, म्हणून हे लिहितोय.

दोन माणसांची गोष्ट सांगतो. दोघं जन्मले १८६३ मध्ये, दोघंही गेले १९२६ मध्ये.

पहिले इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. आपल्या शेजारचे, पेण तालुक्यातल्या वरसईचे. गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवर वाळवी लागलेली दप्तरं उपसून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे २२ खंड काढले. पहिला आला १८९८ मध्ये. इंग्रजी उत्तम येत होतं, पण लिहीन तर मराठीतच हा हट्ट. त्याआधी 'भाषांतर' नावाचं मासिक काढून प्लेटोचा ग्रंथ मराठीत आणायला घेतला होता. आपल्या उत्तर कोकणचा जुना इतिहास सांगणारी 'महिकावतीची बखर' १९२४ मध्ये त्यांनीच छापली. ठाणे, साष्टी, माहीम हा आपला मुलूख त्यात आहे. आपल्यापैकी किती जणांनी ती पाहिलीय?

दुसरे प्रो. विष्णु गोविंद विजापूरकर. कोल्हापूरला राजाराम कॉलेजात प्राध्यापक. त्यांनी 'ग्रंथमाला' मासिक चालवलं, राजवाड्यांचे काही खंड त्यातूनच छापले गेले. पण त्यांनी आणखी एक गोष्ट ओळखली. ज्ञान मराठीत लिहिलं, पण पोरं मराठीत शिकलीच नाहीत, तर वाचणार कोण? म्हणून मराठीतून शिकवणारं 'समर्थ विद्यालय' उभं केलं, तळेगाव दाभाड्याला. बदलापूरहून कर्जत, घाट चढून लोणावळा, पुढे तळेगाव. आपल्याच रेल्वेलाइनवर.

सरकारला ते खुपलं. १९०८ मध्ये 'विश्ववृत्त'मध्ये पं. सातवळेकरांचा लेख छापला म्हणून संपादक विजापूरकरांना तीन वर्षांची शिक्षा झाली. १९१० मध्ये सरकारने शाळाच बंद केली. सुटून आल्यावर, काही वर्षांनी, गड्याने तळेगावातच पुन्हा नवं समर्थ विद्यालय काढलं!

हे फक्त आपल्याकडेच घडलं असंही नाही. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये शाळेत मातृभाषा बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. ती पाटी गळ्यात घेतलेला ओवेन एडवर्ड्स पुढे इतिहासकार झाला, मुलांसाठी वेल्श भाषेत मासिक काढलं आणि १९०७ मध्ये वेल्सच्या शाळांचा मुख्य निरीक्षक झाला. ज्या वर्गात मान खाली घातली, त्याच वर्गात त्याने आपली भाषा परत आणली.

आपल्याकडे पाटी गेली, दहा रुपयांची पावती आली. फरक एवढाच की त्यांच्यावर ते लादलं होतं. आपण फी भरून, रांगा लावून घेतोय.

इंग्रजी नको असं मी म्हणत नाही. राजवाड्यांना इंग्रजी येत होतं, विजापूरकरांनाही. पण इंग्रजी शिकायला मराठीची लाज वाटावी लागते, हे त्यांनी कधी मानलं नाही.

राजवाड्यांनी एका लेखात थेट विचारलं होतं, मराठी मरणपंथाला लागली आहे काय? उत्तर दिल्लीच्या कागदावर नाही मिळणार. ते आपल्या पोरांच्या दप्तरात आहे.

२०२६ मध्ये दोघांना जाऊन शंभर वर्षं होतात. पुतळा, कमान नको. बदलापुरातल्या एखाद्या मराठी शाळेत त्यांच्या नावाने पुस्तकांचं एक कपाट ठेवू. पहिली पाच पुस्तकं माझी. आणि पुढचा दंड आला, तर तो भरण्याआधी मी मुख्याध्यापकांना भेटणार आहे.

तुमच्या घरी काय चाललंय? खरं खरं सांगा.