ओव्यांना जागा किती लागते?



घरातला कॉम्प्युटर जुना झाला की एक दिवस पडद्यावर पाटी येते, जागा संपली. मग घरातलं कुणीतरी बसतं आणि भराभर पुसायला लागतं. काय ठेवायचं आणि काय पुसायचं, हे ठरवतं कोण? हा प्रश्न कॉम्प्युटरपेक्षा फार जुना आहे. आज आम्ही त्याचीच गोष्ट सांगणार आहोत.

आमच्या कपिलधारला मन्मथ स्वामींची समाधी आहे. कार्तिकात इथे पायी दिंड्या येतात. स्वामींचं 'परमरहस्य' आजही घरोघरी वाचलं जातं. छापखाने नव्हते तेव्हा पोथी टिकायची ती हातानं नक्कल करून. कागद, शाई, लिहिणाऱ्याचे दिवस, सगळंच महाग. म्हणून जे मोलाचं वाटलं तेवढंच कागदावर उतरलं. बाया पहाटे जात्यावर गात होत्या, पण त्या ओव्यांसाठी कुणी कागद काढला नाही. आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे, सगळा साठा डोक्यात. गावात पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि तो साठाही आटू लागला.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायांना सोबत घेऊन या ओव्या लिहून घेतल्या, एक लाखाहून जास्त. १९९० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्या कॉम्प्युटरवर नीट लावायला मदत केली आणि १२० तासांच्या आसपास आवाजही टिपला. १९९६ साली आपल्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या त्यात आहेत. २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर हा ठेवा कुणालाही ऐकता येतो.

आता जागेचा हिशेब करू. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह साधारण ३ बाइट घेतं. एका ओवीत ८० चिन्हं धरली तर एक लाख ओव्या २५ एमबीच्या आत बसतात. म्हणजे मोबाइलवरच्या सात-आठ फोटोंची जागा! आवाजाला जास्त लागते. एका सीडीत ७४ मिनिटं मावतात, तेव्हा १२० तासांना शंभराच्या आसपास सीड्या हव्यात. आणि मोबाइलवरचा एका मिनिटाचा चांगला व्हिडिओ सहज १०० एमबी खातो, म्हणजे त्या लाख ओव्यांच्या चौपट.

जागा नेहमी एवढी स्वस्त नव्हती. १९५६ साली आयबीएम कंपनीनं पहिली हार्ड डिस्क आणली. तिच्यात दोन-दोन फूट रुंदीच्या ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात, आणि मावायची ५० लाख अक्षरं. आज एका फोटोला तेवढी जागा लागते. घरच्या जुन्या कॉम्प्युटरमध्येही तशीच, पण तळहाताएवढी डिस्क असते. जात्याची वरची तळी फिरते, तशी तिची तबकडी फिरते. फिरणारी वस्तू झिजते. डिस्क कधी ना कधी बंद पडणारच, हे धरूनच चालायचं.

म्हणून जागा करताना क्रम पाळा. आधी फाइली आकारानं लावून बघा. सगळ्यात मोठे असतात ते व्हिडिओ. आलेले शुभेच्छांचे फोटो, दोनदा उतरवलेल्या फाइली, 'डाउनलोड्स'मधला पसारा काढा आणि शेवटी 'रिसायकल बिन' रिकामी करा, तोवर जागा सुटत नाही. ज्या फाइलींचं नाव कळत नाही, त्या कॉम्प्युटरच्या स्वतःच्या असू शकतात, त्यांना हात लावू नका. बचत गटाचे हिशेब, ठरावांचे कागद पुसून काही मिळत नाही, त्यांना जागाच मुळात थोडी लागते.

एवढ्यानं भागलं नाही तर बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घ्या. किंवा दुरुस्तीवाल्याकडून जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवून घ्या. तिच्यात फिरणारा भाग नसतो, त्यामुळे जुना कॉम्प्युटरही चपळ होतो. पण आधी सगळ्याची नक्कल काढा. नक्कल झाली की दोन-चार फाइली उघडून बघा, मगच जुन्या पुसा. मोलाचं असेल ते दोन ठिकाणी ठेवा, जमलं तर दोन वेगळ्या घरांत. पोथ्या टिकल्या त्या अशाच, एक नक्कल वाळवीनं खाल्ली तरी दुसरी कुठेतरी होती.

आणि पुसायला बसाल तेव्हा घरातल्या बायांना विचारा. आजीच्या आवाजातली ओवी दुसऱ्याला 'रेकॉर्डिंग ००१७' एवढंच दिसतं. त्या फाइलीला आजीचं नाव, गाव आणि तारीख द्या. नाव असलेली वस्तू सहसा कुणी फेकत नाही.

जात्यावरच्या बायांना कुणी जागा दिली नव्हती. आज जागा आपल्या हातात आहे. गटाच्या पुढच्या बैठकीत, ज्यांना अजून ओव्या येतात त्यांची यादी करा आणि त्यांचा आवाज टिपायला सुरुवात करा.