आकड्यांचं गोत्र

३२ बिटांत, म्हणजे चार बाइटांत, १ हा आकडा लिहायचा आहे. इंटेलचा प्रोसेसर लहान टोकाचा बाइट आधी ठेवतो, आयबीएमचा मेनफ्रेम मोठ्या टोकाचा. एकाने लिहिलेला १ दुसऱ्याने तसाच वाचला, तर त्याचे १,६७,७७,२१६ होतात! १९८० साली डॅनी कोहेन यांनी या दोन पंथांना 'लिटल एन्डियन' आणि 'बिग एन्डियन' ही नावं दिली. ती आली 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मधून. तिथे अंडं कोणत्या टोकाने फोडावं यावरून लढाई जुंपते.

सी भाषेच्या कंपायलरला मात्र या भांडणाचा पत्ताच नसतो. त्याच्या लेखी दोन्ही नुसते पूर्णांक. आकडा कुठून आला, हे तो विचारत नाही.

कंपायलर न विचारणारे प्रश्न विचारणारा पहिला नामांकित प्रोग्रॅम म्हणजे 'लिंट'. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी तो १९७० च्या दशकात लिहिला. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेले बारीक तंतू. कपडा धड असतो, पण झटकलेला बरा. प्रोग्रॅम न चालवता, केवळ वाचून त्यातल्या शंका काढण्याची रीत त्याने रुजवली.

लिनक्सच्या कर्नलसाठी, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यासाठी, लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००३ साली असाच एक तपासनीस, 'स्पार्स', लिहायला घेतला. पहिली काळजी होती पॉइंटरची, म्हणजे मेमरीतल्या जागांच्या पत्त्यांची. वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमने दिलेला पत्ता कर्नलने डोळे मिटून वापरला, तर एखादा लबाड प्रोग्रॅम कर्नलच्याच गुप्त जागेचा पत्ता पुढे करू शकतो. म्हणून अशा पॉइंटरवर 'यूजर' ही खूण आली. पुढे उपकरणांच्या पत्त्यांना 'आयओमेम' आणि टोकं ठरलेल्या आकड्यांना 'एलई३२', 'बीई३२' असे प्रकार मिळाले. नेहमीच्या कंपायलरला या खुणांचा अर्थ शून्य. स्पार्सला मात्र त्या गोत्रासारख्या. फरक इतकाच, की इथला नियम लग्नाच्या उलट आहे: सगोत्र असतील तरच जमतं.

कर्नल कंपाइल करणाऱ्या 'मेक' आज्ञेला 'सी=१' जोडलं की त्या वेळी नव्याने कंपाइल होणाऱ्या फायली तपासल्या जातात; 'सी=२' जोडलं की सगळ्याच. मग इशारे येतात: 'असाइनमेंटमध्ये प्रकार चुकला, मूळ प्रकार वेगळे'. इथे एक सोपी पळवाट आहे. 'फोर्स' ही खूण लावून प्रकार जबरदस्तीने बदलला की स्पार्स गप्प बसतो. कधी ते योग्यही असतं, पण बहुतेकदा तो आडनाव खोडण्याचा प्रकार. खरी दुरुस्ती उगमापाशी असते. उपकरण लिटल एन्डियन आकडा देत असेल, तर त्याच्या स्ट्रक्चरमध्येच तसं लिहायचं आणि वाचताना रूपांतराचं फंक्शन वापरायचं. दत्तकविधानासारखंच: विधी झाला, की गोत्र बदललं.

मूळ प्रकार बदलला की इशारे पुढच्या फंक्शनांत सरकतात, तिथून आणखी पुढे. त्यांचा माग काढता काढता कधी तरी खरी चूक सापडते: रूपांतर राहून गेलेलं, किंवा दोनदा झालेलं. इंटेलच्या यंत्रावर ती वर्षानुवर्षं दिसलेली नसते, कारण तिथे लिटल एन्डियनचं रूपांतर म्हणजे काहीच न करणं. आणि कंपायलरला खुणांचा अर्थच नसल्याने, निव्वळ खुणांची दुरुस्ती नीट झाली, की तयार झालेल्या यंत्रसंकेतात एक बाइटही इकडचा तिकडे होत नाही. फरक पडतो तो नंतर ती ओळ वाचणाऱ्याला.