कर्जमर्यादेचा लांबलेला कायदा
पांढुर्णा-सौसरच्या शाळांतून राज्यघटना शिकविताना २९२ व्या कलमाशी आम्ही नेहमी थोडे थांबतो. सरकारने कर्ज किती काढावे याची मर्यादा तेथे घातलेली नाही. ती संसदेने कायद्याने घालावयाची. ऑगस्ट १९४९ मध्ये घटनासमितीत यावर शंका निघाल्या, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिले ते असे : संसदेने कायदा न केल्यास दोष तिचाच, परंतु इतकी बेफिकीर संसद कल्पिणेही कठीण.

प्रांतिक अर्थव्यवस्थेवर १९२५ साली ग्रंथ लिहिणाऱ्या या पंडिताचा तो विश्वास, आमच्या मते, अनाठायी ठरला. राजकोषीय उत्तरदायित्वाचा केंद्रीय कायदा २००३ साली झाला, म्हणजे घटनेनंतर त्रेपन्न वर्षांनी. आमच्या मध्यप्रदेशाचा २००५ साली. केंद्राचे ऋण सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ४० टक्क्यांपर्यंत आणण्याचे उद्दिष्ट तर २०१८ च्या दुरुस्तीने आले, आणि तेही केवळ 'प्रयत्न करावा' अशा शब्दांत.