कोकमाचे मीठ, कोकमाची साखर

घरातल्या सरबताच्या बाटलीचे मूळ बहुधा इंग्रजांच्या स्क्वॉशमध्ये शोधले जाते. लिंबाचे कॉर्डियल, संत्र्याचे स्क्वॉश आधी बोटीवर आणि क्लबात आले, मग आपल्या फडताळात, असा तो समज. मला तो अपुरा वाटतो. फळाचा रस वर्षभर टिकवायचा आणि लागेल तसा पाण्यात घालायचा ही रीत कोकणाला परकी नव्हती; टिकवण्याचे काम तिथे मीठ करीत होते. पुढे त्या जागी साखर आली आणि तिने पेयाला स्वयंपाकापासून वेगळे काढले.

कोकम एप्रिल-मेमध्ये पिकते आणि मृग लागला की ऊन संपते, त्यामुळे सारा खटाटोप थोड्या दिवसांत उरकावा लागतो. सालींना त्यांच्याच रसाची पुटे देत, पुन्हा पुन्हा वाळवून आमसुले करायची, नाहीतर भरपूर मीठ घालून सुटलेला रस गाळायचा आणि आगळ भरून ठेवायचे. हे आगळ नारळाच्या दुधात गेले की सोलकढी होते, कालवणात गेले की माशाला आंबटपणा देते आणि पाण्यात जिऱ्याबरोबर गेले की तहान भागवते. अमृत कोकमाचे तसे नाही. ताज्या सालींत थरावर थर साखर भरून बरणी उन्हात ठेवतात. पाण्याचा थेंब न घालता साखर रस ओढून घेते. हा पाक कालवणाच्या कामाचा नाही, तो पाहुण्यासाठी. तरीही पेल्यात चिमूटभर मीठ आणि जिरेपूड पडतेच. टिकण्यासाठी त्या पाकाला मिठाची गरज नसते. ती जुन्या पेयाची चव आहे, असे मी मानतो.

कोणी म्हणेल, साखर आपल्याकडे नवी कुठे होती? बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त पानकांचे वर्णन आहेच. पण ते राजाच्या पंगतीतले. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला घरोघरी होणारे कैरीचे पन्हे गुळाचे असे, आणि ते एक-दोन दिवसांत संपवावे लागे. वर्षभराच्या पाकाला फळाहून जास्त साखर लागते. ती सामान्य घराच्या आवाक्यात आली ती १९३२ च्या संरक्षक कायद्यानंतर वाढलेल्या कारखान्यांमुळे आणि प्रवरानगरला १९५० मध्ये सुरू झालेल्या सहकारी साखरेच्या वाटेने.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बाटलीचे शास्त्र तरी विलायतेचेच ना? काही अंशी होय. पण तिथली गोष्टही साखरेचीच आहे. स्कॉटलंडमधल्या लीथ बंदरात लॉकलन रोझने १८६७ मध्ये लिंबाचा रस रमऐवजी साखरेत टिकवण्याचे पेटंट घेतले. स्क्वॉशने खरोखर आणले ते कमी साखर आणि रासायनिक संरक्षक. आपल्या १९५५ च्या फळपदार्थ आदेशाने स्क्वॉशमध्ये किमान २५ टक्के फळाचा रस आणि ४० टक्के विद्राव्य घटक मागितले. सिरपला मात्र ६५ टक्के. चाळीसवर नुसती साखर पुरत नाही, म्हणून पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आले. ते लिंबाला चालते, कोकमाला नाही: त्याने लाल रंग उडतो. कोकमाच्या बाटलीत सोडियम बेंझोएट घालतात, आणि आगळाला आजही मीठच पुरते.