डिकीतला अ‍ॅम्प्लिफायर आणि बारा व्होल्टचं जुनं भांडण

गाडीत सबवूफर बसवून घ्यायला गेलात की फिटर सगळ्यात आधी एक बोटाएवढी जाड लाल वायर काढतो. तिचं एक टोक बॉनेटखाली थेट बॅटरीला, मग रबरी बुचातून आत, कार्पेटखालून, मागच्या सीटखालून थेट डिकीपर्यंत. नवीकोरी गाडी, सगळे पॅनल उघडलेले, आणि आपण बाजूला उभे राहून विचार करतो की डॅशबोर्डमधल्या म्युझिक सिस्टिमला करंट येतोच आहे, मग तिथूनच एक फाटा काढायला या माणसाचं काय जातं? प्रश्न साधा आहे, पण उत्तर शोधत गेलं की आपण १९३० सालच्या शिकागोत जाऊन पोचतो.

तिथे पॉल गॅल्विन नावाच्या गृहस्थांची छोटी कंपनी होती. १९२९ साली शेअर बाजार कोसळला आणि धंदा टेकीला आला. तेव्हा गाडीत रेडिओ बसवायचा हे काम त्यांनी हातात घेतलं. मदतीला दोन तरुण, विल्यम लिअर आणि एल्मर वेव्हरिंग. लिअर म्हणजे पुढे लिअरजेट विमानं काढणारा तोच. जून १९३० मधे अटलांटिक सिटीला रेडिओ उत्पादकांचं अधिवेशन होतं. गॅल्विनकडे स्टॉल नव्हता, म्हणून त्यांनी आपली स्टुडबेकर गाडी बाहेर उभी केली आणि आतला रेडिओ मोठ्याने लावून ठेवला. ऑर्डरी मिळाल्या. रेडिओचं नाव ठेवलं मोटोरोला. किंमत साधारण ११० ते १३० डॉलर, त्या मंदीच्या काळात म्हणजे चैनच.

आता खरी अडचण. तेव्हाचे रेडिओ व्हॅक्यूम ट्यूबवर चालायचे आणि ट्यूबला दीड-दोनशे व्होल्ट लागायचे. गाडीची बॅटरी सहा व्होल्टची! सुरुवातीचा उपाय अगदी सरळसोट होता: जास्त व्होल्टच्या वेगळ्या ड्राय बॅटऱ्या गाडीच्या फरशीखाली बसवायच्या. त्या संपल्या की फेकायच्या आणि नव्या घालायच्या. रेडिओपेक्षा बॅटऱ्यांचीच कटकट जास्त.

दोन-तीन वर्षांतच यावर उत्तर निघालं, ते म्हणजे व्हायब्रेटर. एका छोट्या डब्यात लोखंडाची पातळ पट्टी, दारावरच्या जुन्या इलेक्ट्रिक बेलसारखी, सेकंदाला शंभरेक वेळा थरथरते आणि बॅटरीचा सरळ प्रवाह चालू-बंद, चालू-बंद करते. कारण ट्रान्सफॉर्मरला डीसी चालत नाही, त्याला बदलता प्रवाह लागतो. तो मिळाला की ट्रान्सफॉर्मर सहाचे दोनशे व्होल्ट करतो आणि मग ते परत सरळ करून ट्यूबला द्यायचे. म्हणजे आधी तुकडे करा, मग वाढवा, मग सरळ करा. ही तीन पायऱ्यांची युक्ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. जुन्या गाड्यांमधे रेडिओ लावला की बारीक गुणगुण ऐकू यायची ती या पट्टीची.

पुढची वीस वर्षं हेच चाललं. मग १९५०च्या दशकात दोन गोष्टी झाल्या. मोठी इंजिनं सुरू करायला सहा व्होल्ट पुरेनात, म्हणून १९५६ पर्यंत अमेरिकन कंपन्या जवळजवळ सगळ्या बारा व्होल्टवर गेल्या. आणि १९५५ मधे क्रायस्लरने फिल्कोकडून बनवून घेतलेला पूर्ण ट्रान्झिस्टरचा कार रेडिओ जाहीर केला. ट्रान्झिस्टरला दोनशे व्होल्ट नकोतच, बारावर तो खूश. व्हायब्रेटर निवृत्त झाला आणि व्होल्ट वाढवायची भानगडच संपली.

संपली असं वाटलं खरं. पण थोडं गणित करू. (घाबरू नका, दहावीचं आहे.)

इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. स्पीकर असतो चार ओहमचा. साध्या अ‍ॅम्प्लिफायरमधे स्पीकरला त्यातले निम्मेच, म्हणजे वर-खाली ७.२ व्होल्ट मिळतात. त्यातून शुद्ध आवाजाचे निघतात जेमतेम साडेसहा वॅट. मग ब्रिज नावाची युक्ती आली: स्पीकरच्या दोन्ही टोकांना एकेक अ‍ॅम्प्लिफायर, एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. ताकद चौपट, म्हणजे कागदावर २६ वॅट, आणि वाटेतली गळती धरून प्रत्यक्षात विसाच्या आसपास. बस्स! बारा व्होल्टच्या सिस्टिममधून चार ओहमच्या स्पीकरला थेट याहून जास्त देता येत नाही, कंपनी कुठलीही असो.

मग स्टिरिओवर '५० वॅट गुणिले ४' लिहिलेलं असतं ते काय? १४.४ चा वर्ग करा, चारने भागा. ५१.८ येतात. म्हणजे आवाजाची लाट पूर्ण चौकोनी होईपर्यंत फाटली तर मिळणारा आकडा. खोटं नाही म्हणता येणार, पण त्या पातळीला गाणं ऐकवणार नाही. :)

वीस वॅट बोलण्याला आणि गाण्याला भरपूर आहेत. बासला मात्र नाहीत. आपला कान खालच्या पट्टीतल्या आवाजाला कमी संवेदनशील आहे. बेल लॅब्समधल्या फ्लेचर आणि मनसन यांनी १९३३ मधेच याचे आलेख काढून ठेवलेत. त्यात टायरची आणि इंजिनची घरघर नेमकी त्याच खालच्या पट्टीत येते आणि तबल्याचा बायाँ, बास गिटार वगैरे गिळून टाकते. म्हणून बास हवा असेल तर ताकद दुप्पट-तिप्पट नाही, दहा-वीसपट लागते.

१९७०च्या दशकात, आठ ट्रॅक आणि कॅसेट गाडीत रुळल्यावर, ही भूक वाढली. अ‍ॅरिझोनातल्या जिम फॉसगेटने त्या दशकात गाडीसाठी वेगळे ताकदवान अ‍ॅम्प्लिफायर बनवायला सुरुवात केली. आजची रॉकफर्ड फॉसगेट ही कंपनी त्याच कुळातली. अशा अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात काय असतं? आधी बॅटरीच्या प्रवाहाचे तुकडे करा, मग ट्रान्सफॉर्मरने वाढवा, मग सरळ करा. व्हायब्रेटरच की हा! फरक इतकाच की पट्टीच्या जागी ट्रान्झिस्टर आणि पुढे मॉसफेट आले, आणि सेकंदाला शंभरऐवजी हजारो वेळा चालू-बंद होऊ लागलं. वेग वाढल्यामुळे ट्रान्सफॉर्मर मुठीत मावेल एवढा झाला. त्यातून उणे-अधिक तीस व्होल्ट किंवा जास्त मिळाले की मग शेकडो वॅट काढणं अवघड नाही.

पण फुकट काहीच मिळत नाही. व्होल्ट वाढवले तरी सगळी ऊर्जा त्याच बारा व्होल्टच्या बॅटरीतून यायची. ५०० वॅटचा जुन्या पद्धतीचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण आवाजात ८०० वॅटच्या वर ओढतो, म्हणजे जवळजवळ ६० अँपिअर. डॅशबोर्डमधला फ्यूज असतो १०-१५ चा. आता समजा, घरातल्या दिव्याला वापरतो ती दीड स्क्वेअर एमएमची वायर पाच मीटर ओढून दिली. साडेतीन व्होल्ट वाटेतच जातील आणि २०० वॅट उष्णता वायरमधेच तयार होईल. म्हणजे कार्पेटखाली, सीटच्या फोमला लागून, शंभराचे दोन बल्ब. तीच वायर २० स्क्वेअर एमएमची घेतली तर पाव व्होल्ट आणि १५ वॅट. लाल वायर जाड का, याचं उत्तर हे. मॉसफेटवर चालणारे नवे क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर कमी ओढतात, पण हिशोब तोच.

आणि फ्यूज. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत तो हवाच. अ‍ॅम्प्लिफायरवर फ्यूज आहे ना, मग दुसरा कशाला, असं म्हणणारे भेटतात. पण तो फ्यूज वायरच्या दुसऱ्या टोकाला आहे. मधे कुठे पत्र्याच्या कडेवर इन्सुलेशन घासलं आणि वायर बॉडीला टेकली, तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडेल आणि डिकीतल्या फ्यूजला पत्ताही लागणार नाही. बॅटरीजवळचा फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरसाठी नाही, तो गाडीला आग लागू नये म्हणून.

आकड्यांची गंमत पुढेही चालू राहिली. १९९०च्या आसपास अमेरिकेत कार ऑडिओच्या स्पर्धा जोरात होत्या आणि गट पडायचे अ‍ॅम्प्लिफायरच्या छापील वॅटवर. मग कंपन्यांनी उलटा खेळ केला. कागदावर चार ओहमला मोजके वॅट, आणि एक किंवा अर्ध्या ओहमचा भार दिला की कित्येक पट. त्यांना 'चीटर अ‍ॅम्प' म्हणत. शेवटी २००३ मधे सीईए-२००६ हे मानक आलं: १४.४ व्होल्ट, चार ओहम, विकृती एक टक्क्याच्या आत, मग जो आकडा येईल तो छापा. पण हे मानक ऐच्छिक आहे. 'पीएमपीओ हजार वॅट' वाली खोकी आजही सुखाने विकली जातात.

आता तुम्ही म्हणाल, मूळ बाराच वाढवा ना. करून पाहिलं. २००० च्या सुमारास ४२ व्होल्टची सिस्टिम आणायचं मोठं घाटत होतं, पण ते बारगळलं. प्रत्येक बल्ब, रिले, मोटर बदलायची कोणी? आमच्या धंद्यात याला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात. एकदा चुकून स्थिरावलेली गोष्ट, तिच्यावर इतकं काही उभं राहतं की हलवता येत नाही. २०२३ च्या अखेरीस रस्त्यावर आलेल्या टेस्ला सायबरट्रकने ४८ व्होल्ट घेतले, पण बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांमधेसुद्धा चारशे व्होल्टच्या बॅटरीशेजारी एक बारा व्होल्टची अजून आहेच.

असो. तेव्हा वूफर बसवायला जाल तेव्हा वॅटचा आकडा नंतर विचारा. आधी तीन गोष्टी विचारा: वायर किती स्क्वेअर एमएमची, ती निव्वळ तांब्याची की अ‍ॅल्युमिनियमवर मुलामा दिलेली, आणि फ्यूज बॅटरीपासून किती लांब. फिटर वैतागेल थोडा. वैतागू दे, गाडी आपली आहे.