लष्करी दुभाष्यांच्या अन्य नेमणुका व मराठी भाषा : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक

दि. १७ एप्रिल १८१८ रोजी आजच्या यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा परिसरात शिवणी येथे कर्नल अ‍ॅडम्सच्या सैन्याने दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेचा पराभव केला. पेशवाईच्या अस्ताची ही एक महत्त्वाची घटना होय. युद्ध संपल्यानंतर इंग्रजांपुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. जिंकलेल्या मुलखाचा कारभार चालविण्यासाठी तेथील भाषा जाणणारी माणसे हवी होती आणि अशी माणसे प्रामुख्याने लष्करातच होती. भाषा शिकलेल्या लष्करी अधिकाऱ्याने केवळ दुभाष्याचेच काम करावे, की त्याला इतर जबाबदाऱ्याही देता याव्यात, या प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

दुभाष्याचे पद व त्याचे स्वरूप

कंपनीच्या पलटणीतील दुभाषा हा मूलतः सैनिकी अधिकारी असे. भाषेची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर त्याला हे पद मिळे. अनेकदा क्वार्टरमास्टरचे कामही त्याच्याकडेच असे. म्हणजे भाषाज्ञान ही सैनिकी पेशाला जोडलेली अधिकची पात्रता होती. तिचा स्वतंत्र पेशा नव्हता. त्यामुळे दुभाष्याला अन्य काम देण्यात तत्त्वतः अडचण नव्हती.

भाषेकडून अन्य क्षेत्रांकडे

जेम्स ग्रँट डफ हे याचे ठळक उदाहरण होय. विशीच्या आतच तो आपल्या पलटणीचा अ‍ॅडज्युटंट व फार्सीचा दुभाषा झाला. पुढे तो पुण्यात एल्फिन्स्टनचा साहाय्यक झाला आणि १८१८ ते १८२२ या काळात त्याने साताऱ्याचा कारभार पाहिला. छत्रपतींच्या दरबारातील कागदपत्रे त्याला या पदामुळेच पाहता आली. १८२६ साली प्रसिद्ध झालेला त्याचा मराठ्यांचा इतिहास त्यातूनच आकाराला आला.

व्हॅन्स केनेडी १८०७ मध्ये पेशव्यांच्या तैनाती फौजेत फार्सीचा दुभाषा होता. १८१७ मध्ये तो मुंबई लष्कराचा जज्ज अ‍ॅडव्होकेट जनरल, म्हणजे लष्करी न्यायखात्याचा प्रमुख झाला. या पदावर असतानाच, १८२४ मध्ये, त्याचा मराठी शब्दकोश प्रसिद्ध झाला. दुभाष्याचे पद सोडले तरी भाषेचा व्यासंग सुटला नाही, हे यावरून दिसून येते.

लष्कराकडून भाषेकडे

याउलट मोल्सवर्थ व कँडी बंधू यांच्या बाबतीत भाषा हेच पूर्णवेळ कार्य बनले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये व सुमारे ६०,००० शब्दांची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. थॉमस कँडी १८३७ मध्ये पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचा प्रमुख झाला. पुढे सरकारी भाषांतरकार म्हणून त्याने पाठ्यपुस्तकांच्या व कायद्याच्या मराठीला वळण लावले. मराठी विरामचिन्हांवरील त्याची पुस्तिका १८५० ची आहे.

लाभ आणि हानी

या पद्धतीचा लाभ मराठीला झाला, हे निर्विवाद आहे. तिची किंमत मात्र पलटणींना मोजावी लागली. भाषा जाणणारे अधिकारी मुलकी कामावर गेल्याने शिपायांशी त्यांच्या भाषेत बोलणारे अधिकारी पलटणीत कमी उरले. १८५७ च्या उठावानंतर झालेल्या चर्चेत अधिकाऱ्यांची ही अनुपस्थिती असंतोषाच्या कारणांत गणली गेली. १८६१ मध्ये स्थापन झालेल्या स्टाफ कोअरमुळे अशा अन्य नेमणुकांना स्वतंत्र संवर्गाची चौकट मिळाली.

उलट बाजूही लक्षात घेतली पाहिजे. निजामाच्या लष्करातून मुलकी सेवेत आलेला व देशी भाषांचा उत्तम जाणकार असलेला मेडोज टेलर १८५७ मध्ये बुलढाण्यास नेमला गेला. त्या धामधुमीत त्याने तो प्रदेश शांत राखला. जे भाषाज्ञान पलटणीतून उणे झाले, तेच वऱ्हाडच्या मुलकी कारभारात उपयोगी पडले.

वऱ्हाडचे स्थान

यवतमाळच्या दृष्टीने एक बाब विशेष विचारणीय आहे. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या ताब्यात होते आणि त्यानंतरही ते मुंबई सरकारच्या कक्षेबाहेरच राहिले. आजच्या यवतमाळचा बराचसा भाग १८६४ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. तो पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला व १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. कोशकारांच्या नेमणुका मात्र मुंबई इलाख्यात होत्या. साहजिकच त्यांच्या कोशांचा मुख्य आधार देश व कोकण येथील मराठी हा राहिला. ज्या भूमीवर पेशव्यांच्या अखेरच्या लढायांपैकी एक लढाई झाली, तेथील वऱ्हाडी बोलीला त्या कोशांत तुलनेने गौण स्थान मिळाले.

निष्कर्ष

लष्करी दुभाष्यांना भाषेबाहेरील कामे करता येत होती. किंबहुना भाषाज्ञान हेच अशा कामांचे प्रवेशद्वार होते. मात्र प्रत्येक नेमणुकीबरोबर ते ज्ञान एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जात होते. कोणाची बोली कोशात नोंदली जाईल आणि कोणाची मागे राहील, हे काही अंशी या नेमणुकांनीच ठरविले. म्हणूनच वऱ्हाडी बोलीच्या कोशकार्याकडे पाहताना ही उणीव भाषेच्या दर्जाची नसून प्रशासकीय सीमांची आहे, याचे भान ठेवणे आवश्यक आहे.