खूण आणि शिल्लक

मला जपून ठेवण्याचा नाद आहे. पंचवीस वर्षे बँकेत व्हाउचरे फायलीला लावणाऱ्या माणसाला दुसरा कसला नाद लागणार? इंटरनेट आले तशी मी तिथलीही पाने जपू लागलो. पान आवडले, की खूण केली! सातशेवर खुणा झाल्या तेव्हा हिने विचारले, "अहो, हे सगळं वाचणार कधी?"

"निवृत्त झाल्यावर," मी बाणेदारपणे म्हणालो.

गेल्या दिवाळीत मुलीला त्यातले एक पान दाखवायला बसलो. दारव्ह्याच्या कुणा जुन्या विद्यार्थ्याने आपल्या गुरुजींवर लिहिले होते. ते गुरुजी म्हणजे माझे वडील. सोबत फळ्यापुढे उभे असलेल्या वडिलांचा फोटो. वर्गातला त्यांचा फोटो आमच्या घरी एकही नाही. खुणेवर बोट ठेवले. उत्तर आले : पान सापडले नाही.

तेव्हा मला वाणिज्य शाखेचा पहिला धडा समजला. खूण म्हणजे चेक. पान म्हणजे खात्यातली शिल्लक. मी सातशे चेक जपले होते!

वास्तविक आमच्या वऱ्हाडाला हा धडा नवा नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींना पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांना विचारून विचारून लीळाचरित्र सिद्ध केले. परंपरा सांगते, की मूळ पोथी धाडीत गेली आणि ज्यांना आठवत होते त्यांच्याकडून ती पुन्हा लिहिली गेली. म्हणून प्रतींत पाठभेद. पुढे महानुभावांनी पोथ्या सकळ लिपीत घातल्या. कुलूप इतके पक्के, की बाहेरच्या अभ्यासकांना किल्ली मिळायला विसावे शतक उजाडले! पण आत प्रतीवर प्रती होत होत्या, म्हणून उघडल्यावर तिजोरी भरलेली निघाली. आमच्याच यवतमाळच्या शारदाश्रमाचे डॉ. य. खु. देशपांडे यांनी या वाङ्मयाचा शोध घेऊन १९२५ साली 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ दिला.

इंटरनेटलाही एक म्हाइंभट भेटला आहे. ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली सॅन फ्रान्सिस्कोत इंटरनेट अर्काइव्ह काढले. त्यांची यंत्रे जगभरच्या पानांच्या तारीखवार प्रती घेत फिरतात. २००१ पासून 'वेबॅक मशीन'मध्ये गेलेल्या पानाचा पत्ता घातला, की जुनी प्रत मिळते – मिळाली तर. शिपायाने हे सांगितले, तेही वर, "काहून घाबरता साहेब?" असे म्हणून.

हात थरथरत पत्ता घातला. पान आले! मजकूर अक्षरन् अक्षर होता. फोटोच्या जागी मात्र रिकामा चौकोन. यंत्राने त्या दिवशी तेवढा उचलला नव्हता. तो चौकोन मी बराच वेळ पाहत बसलो.

मग मजकूर छापला. बँकेच्या रिवाजाप्रमाणे तीन प्रतींत. एक घरी, एक पुसदला बहिणीकडे, एक मुलीला. तिने आजोबांना पाहिलेले नाही. तिने तो आपल्या वहीत हाताने उतरवून काढला. मी तपासायला घेतला. पंचवीस वर्षांची सवय! मूळ पानावर होते, 'गुरुजी फार कडक होते.' वहीत होते, 'गुरुजी फार प्रेमळ होते.'

लाल पेन उघडले होते. पुन्हा टोपण लावले. असू दे. पाठभेद आहे.